केरबानं भरलेल्या तीन जागा

बेलमाळच्या जत्रेत नाटक ठरलं की सगळ्यात आधी दोन माणसं पक्की होत. एक नायक आणि दुसरा प्रॉम्प्टर. बाकीचे फितूर, सरदार, हुजरे सवडीनं मिळत. नट्या सांगलीहून कंत्राटावर येत, पडदे मिरजेहून भाड्यानं येत, पण ही दोन माणसं मात्र घरचीच लागत.

नायक म्हणजे तात्याबा. उंचापुरा गडी, मिशीला पीळ, आणि आवाज असा की "कोण आहे रे तिकडे" म्हटलं की मंडपाबाहेर भेळ खाणारी माणसंसुद्धा मागं वळून बघत. त्याच्यात एकच खोट होती. त्याला नक्कल पाठ होत नसे. आपल्या वाट्याची भाषणं वहीत उतरून घ्यायची, तिला नाटकवाले नक्कल म्हणतात. तात्याबाची नक्कल फार सुरेख अक्षरात असे, कारण ती केरबानं लिहून दिलेली असे.

केरबा हा प्रॉम्प्टर. ठेंगणा, किडकिडीत, भुवयांवर कायम पिठाची पांढरी साय. पस्तीस वर्षं त्यानं गावात पिठाची गिरणी चालवली. दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून विचारायचं, ज्वारी की गहू, जाड की बारीक. आणि संध्याकाळी तालमीला विंगेत उभं राहून असं बोलायचं की विसरलेल्या नटालाच ऐकू जावं, त्याच्या शेजारच्यालासुद्धा नाही. ज्यांनी रंगभूमीवर आयुष्याचे चार दिवस काढले आहेत त्यांना विचारा, हे काम नायकाच्या कामाहून अवघड. शब्द मोठ्यानं गेला तर लोक हसतात, हळू गेला तर नट खांबासारखा उभा राहतो. आणि उशिरा गेला तर सगळंच संपलं. नट विसरणार आहे हे प्रॉम्प्टरला नटाच्या आधी कळावं लागतं. तात्याबा विसरायच्या बेतात आला की त्याच्या डाव्या पायाचा अंगठा फळीवर खाजवायला लागे. केरबाचे डोळे वहीवर कमी आणि त्या अंगठ्यावर जास्त असत.

एका साली तर तात्याबानं दुसऱ्या अंकातलं अख्खं पान गिळलं. समोरचा सरदार घामाघूम. केरबानं विंगेतून, वहीत कुठंही नसलेलं एक वाक्य स्वतःच जुळवून सोडलं आणि नाटक पुढच्या पानाला असं नेऊन लावलं की कुणाला सांधा दिसला नाही. उलट त्या वाक्याला टाळी पडली. तात्याबानं ती टाळी छाती फुगवून घेतली. केरबा विंगेतल्या अंधारात चहा पीत राहिला. मोकळी जागा पडली की ती भरायची आणि दुसऱ्याची चूक झाकायची, हा त्याचा धर्म होता. त्याबद्दल त्याचं नाव कुठल्याही हँडबिलावर कधी मोठ्या अक्षरात आलं नाही आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही.

मग दिवस पालटले. घरोघरी घरघंट्या आल्या, गिरणीचा पट्टा थांबला. जत्रेत ऑर्केस्ट्रा आला, नाटक मागं पडलं. केरबाच्या छातीत मात्र एक शिट्टी शिल्लक राहिली. चार पावलं चाललं की ती वाजे. थंडीत जास्त वाजे. गावात कुणी म्हणे पिठाचा खोकला, कुणी म्हणे वय. केरबा स्वतः म्हणे, "काय न्हाई, बरं हाय." विचारणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तो नेहमी बरंच असे.

त्याची लेक रेश्मा साताऱ्यात दिलेली. एका दिवाळीला तो तिच्याकडं गेला असता तिसऱ्या जिन्यावर बसकण मारली आणि त्याला उठवेना. रेश्मानं सरळ दवाखान्यात नेलं. तिथं छातीच्या विकारांच्या डॉक्टर होत्या, सोनिया मॅडम. वय पस्तिशीच्या आतलं, बोलणं शांत. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, नळीवरचा काटा पुढं सरकून थांबला, आणि त्या म्हणाल्या, "आबा, हा दमा आहे. पिठानं सुरू झालाय आणि आता धुरानं वाढतोय. बरा होण्यासारखा नसला तरी ताब्यात राहण्यासारखा आहे. पण मला तुमची मदत लागेल."

डॉक्टरनं पेशंटकडं मदत मागितलेली केरबानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली.

मदत अशी होती. बेलमाळहून साताऱ्याला यायचं म्हणजे एसटीनं कराडला गाडी बदलून सगळा दिवस जाई, आणि दमेकऱ्यानं त्या धुळीतून येऊन दाखवायचं ते काय? म्हणून मॅडमनी फोनवर एक सोय केली होती. रोज सकाळी नळीत तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा फोनमध्ये भरायचा. साताऱ्यात तो त्यांना दिसायचा. आकडा चांगला असला की दिवसाचा गोल हिरवा होई, घसरला की पिवळा, फारच पडला की लाल. ज्याला लिहिता येत नाही त्यानं बटण दाबून बोलायचं. बेलमाळ आणि आसपासच्या वस्त्यांवरची बारा माणसं यात होती. गावची आशा सेविका प्रियंका त्यांना फोन शिकवी.

सुरुवातीला सोनिया मॅडम एका रविवारी स्वतः गावात आल्या. शाळेच्या व्हरांड्यात बाराही जणांना बसवलं आणि विचारलं, "फोननं तुम्हाला रोज काय काय विचारावं, ते तुम्हीच सांगा. आजार तुमचा आहे." मग वस्तीवरची आक्काताई म्हणाली, "चुलीपुढं किती वेळ बसलो ते इचारा." मॅडमनी लिहून घेतलं. मग केरबा घसा साफ करून म्हणाला, "धूर हुता का ते इचारा. आन कुठला हुता तेबी इचारा. आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवत्यात. चार महिनं आभाळातनं काळी पिसं पडत्यात."

ऊस तोडून नेल्यावर रानात त्याच्या वाळक्या पानांचा गुडघाभर थर उरतो, ते पाचट. त्याला काडी लावायची, सकाळपर्यंत रान साफ, मग खोडव्याला, म्हणजे त्याच खोडांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, पाणी सोडायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. मॅडमनी केरबाचा प्रश्न फोनमध्ये घातला. आज धूर होता का? कुठला? पुढच्या आठवड्यात तो प्रश्न बाराही फोनवर दिसायला लागला. केरबानं तो बनुबाईला, आपल्या बायकोला, तीन वेळा दाखवला. "हे माझं वाक्य हाय," म्हणाला.

"बरं झालं, एक तरी वाक्य तुमच्या नावावर लागलं," बनुबाई म्हणाली.

औषधाचा पंप दोन वेळा, दोन-दोन झुरके. चूल गेली, गॅस आला. सहा महिन्यांत केरबाचा आकडा दोनशे ऐंशीवरून तीनशे दहावर आला. शिट्टी बंद झाली. आणि त्याच वर्षी गावातल्या पोरांनी ठरवलं की येत्या चैत्रात जत्रेला पुन्हा नाटक करायचं. अकरा वर्षांनी. तात्याबाला म्हाताऱ्या किल्लेदाराचं काम दिलं. तात्याबानं एकच अट घातली, "केरबा विंगेत असंल तरच मी उभा ऱ्हातो. न्हाईतर दुसरा किल्लेदार बघा."

केरबानं जुना चष्मा पुसून ठेवला. हळू बोलायलाही दम लागतो, ओरडण्यापेक्षा जास्तच लागतो, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. चैत्रापर्यंत छाती धड राहिली पाहिजे, एवढंच आता त्याला देवाकडं मागायचं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तात्याबाचा ऊस तुटला. त्याचं रान केरबाच्या परड्याला लागून, मध्ये फक्त बांध. अडीच एकराचे तीन तुकडे, तीन संध्याकाळी पेटवले. थंडीत धूर वर जात नाही, खाली बसतो. तो केरबाच्या घरात येऊन बसला, पाहुण्यासारखा, जायचं नाव न काढता. पहिल्या सकाळी केरबानं नळी तोंडाला लावली तर काटा जागचा हलेना, खोकल्याची उबळ मात्र आली. दुसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही. फोनवर त्या दिवसाचा गोल पांढरा, मोकळा. खाली प्रश्न. आज धूर होता का? कुठला?

केरबा त्या मोकळ्या गोलाकडं बघत राहिला. तिथं काय लिहायचं? तात्याबाचा? हे साताऱ्याला जाणार, प्रियंकाला दिसणार, प्रियंकाला दिसलं की पंचायतीत दिसणार. ज्या माणसाचं विसरणं तीस वर्षं हजार माणसांपासून लपवलं, त्याचं नाव आता चव्हाट्यावर मांडायचं?

त्यानं कालचाच आकडा भरला. तीनशे दहा. धूर? नाही. गोल हिरवा झाला. दुसऱ्या सकाळीही तेच, तिसऱ्या सकाळीही तेच. चौथ्या दिवशी धूर निवळला, फुंकर जमायला लागली, दोनशे साठ आली, ती त्यानं थोडी चढवून दोनशे नव्वद लिहिली आणि सुटलो म्हणाला.

महिनाअखेरीला मॅडमनी सगळ्यांच्या नोंदी पाहिल्या. अकरा जण त्या तीन दिवसांत खाली घसरले होते. केरबाची रेघ मात्र सपाट. मॅडमनी विचार केला, या माणसाचं बरं चाललंय, उगाच जास्त औषध कशाला. त्यांनी फोनवर सांगितलं, "आबा, छान आहे. आता पंपाचा एक-एकच झुरका घ्या."

केरबाला तेव्हाच बोलता आलं असतं. पण मॅडमच्या आवाजात आनंद होता, आणि दुसऱ्याच्या आनंदात खोडा घालणं त्याला जमत नसे. "व्हय मॅडम," तो म्हणाला.

जानेवारीत तालमी सुरू झाल्या. तिसऱ्या तालमीला तात्याबा किल्लेदाराचं लांबलचक भाषण म्हणत होता. मध्येच अंगठा खाजवायला लागला. केरबाला दिसलं. शब्द वहीवर होते, ओठांवर होते, पण ओठांच्या मागं हवाच नव्हती. छातीत शिट्टी वाजली, शब्द वाजला नाही. तात्याबानं वाट पाहिली, मग विंगेकडं मान वळवली. नाटकात नायकानं विंगेकडं मान वळवायची नसते. त्याला पहिल्यांदाच ती वळवावी लागली. केरबा खुर्चीवर वाकला होता, ओठ निळसर.

आरोग्य केंद्रात दोन दिवस वाफ दिली. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांनी नोंदी पुढं घेतल्या होत्या. केरबानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, कारण त्याला नीट ऐकू येत नसे, आणि त्यामुळं ते बोलणं बनुबाईनंही ऐकलं.

"आबा, नऊ, दहा आणि अकरा डिसेंबर. तिन्ही दिवस बरोबर तीनशे दहा. एकाचाही फरक नाही. असं होत नाही सहसा. तुम्ही त्या दिवसांत फुंकलं होतं ना?"

केरबानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"आवं बोला की," बनुबाई म्हणाली. तो बोलेना तशी तीच फोनजवळ सरकली. "मॅडम, त्या तीन दिवसांत ह्यांना उठून बसायबी येत न्हवतं. फुंकत्यात कशाचं? मी चहासुदिक बशीतनं पाजला."

केरबाला वाटलं, आता बोलणी बसणार.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तो गोल मोकळा ठेवला असता ना, तर मी त्याच दिवशी फोन केला असता. मोकळा गोल दिसला की मी पहिल्यांदा त्याच माणसाला फोन करते. तुमचा हिरवा दिसला म्हणून मी औषध कमी केलं. चूक माझीही आहे, तीन सारखे आकडे मला तेव्हाच खटकायला हवे होते."

"न्हाई मॅडम, तुमची कशी," केरबा पुटपुटला.

"आजपासून परत दोन-दोन झुरके. आणि ते तीन दिवस मी नोंदीतून काढते, मोकळे ठेवते. का भरलेत, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा."

केरबानं सांगितलं नाही. बनुबाईनं विचारलं, तिलाही नाही. ती म्हणाली, "मला ठाव हाय," आणि भांडी घासायला गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण प्रियंकानं डिसेंबरअखेरीचा नोंदींचा कागद आधीच पंचायतीत दिला होता, आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पाचटाचा विषय होता. पाचट जाळण्याऐवजी बारीक करून सरीतच पसरवणारं, ट्रॅक्टरमागं चालणारं यंत्र गावानं मागवायचं की नाही, हे ठरायचं होतं. पाचट रानात कुजलं की पाणी कमी लागतं, जमीन मऊ राहते, असं कृषी सहायक सांगून गेला होता; त्यात उंदीर होतात, खोडवा फुटत नाही, असं शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. प्रियंकानं शाळेच्या टीव्हीवर बारा रेघा दाखवल्या. नावं नव्हती, नुसते क्रमांक. अकरा रेघा एकाच ठिकाणी खड्ड्यात उतरल्या होत्या. बारावी त्या ठिकाणी तुटली होती.

नानासो उभा राहिला. चाळीस एकरांचा बागायतदार, बोलायला चोख. हातात डिसेंबरचा कागद.

"सरपंच बाई, म्या काय म्हन्तो, मागच्या म्हयन्यात ह्या कागदावर सात नंबरची रेघ सरळ हुती. आज तुटल्याली दिसतीय. सात नंबर कोन हाय ते समद्यांस्नी ठाव हाय. त्याचं घर जळल्याल्या रानाच्या बांधाला. त्याला कायबी झालं न्हाई म्हून रेघ सरळ हुती. आता सोयीचं न्हाई म्हून तोडली व्हय? आकडं आसं सोयीनं बदलत आसतील तर बाकीच्या अकरांचं तरी काय खरं?"

सभेत कुजबुज झाली. टीव्हीशेजारी उभ्या प्रियंकाचा चेहरा उतरला. पुढं बसलेली आक्काताई, जिनं सुरुवातीपासून एकही सकाळ चुकवली नव्हती, ती पदर तोंडाला लावून खाली बघायला लागली. तिचीही रेघ खोटी ठरत होती. सगळ्यांचीच ठरत होती, तीन हिरव्या गोलांपायी.

केरबा मागच्या बाजूला, खांबाला टेकून बसला होता. विंगेसारखीच जागा. त्यानं खांबाला हात लावून अंग उचललं.

"सात नंबर मी हाय," तो म्हणाला.

एवढ्या हळू आवाजात की पुढचे मागं वळले, मागचे पुढं झुकले, आणि आपोआप शांतता झाली. ज्याला हळू बोलायची सवय असते त्याला लोक शेवटी ऐकतातच.

"रेघ कुणी तोडली न्हाई. म्याच खोटी जोडली हुती. त्या तीन सकाळी मला फुकता आलं न्हाई. घर धुरानं भरलं हुतं. म्या आदल्या दिसाचा आकडा लिवला. बाकीच्यांचं खरं हाय. माझंच खोटं हाय."

"आरं पर कशापायी?" नानासोनं विचारलं. त्याच्या विचारण्यात आता टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "आजारी माणूस बरा हाय म्हून लिवतोय, हे कुठलं गणित?"

केरबानं तोंड उघडलं. वाक्य समोर होतं, स्वच्छ. पण त्यात एक नाव होतं. त्या नावाचा माणूस त्याच्या मागं दोन हातांवर, भिंतीला पाठ लावून, मिशीवर हात ठेवून बसला होता. केरबानं श्वास घेतला, श्वास अर्ध्यात अडकला. सभा थांबली. नाटकात अशी जागा पडली की ती किती लांब वाटते, हे विंगेतल्या माणसाला सांगायला नको. आज मात्र तो रंगमंचावर होता आणि विंग रिकामी होती.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्हन, तात्याबाचं पाचट पेटलं हुतं."

तात्याबानं तो आवाज आपल्या परीनं अगदी हळू काढला होता. पण आयुष्यभर शेवटच्या रांगेसाठी बोललेल्या माणसाला हळू बोलता येतंय कुठलं. ते बाहेर चपलांपाशी उभ्या माणसांनाही ऐकू गेलं. कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं हसलं. जुन्या नाटकांचे साक्षीदार असलेले म्हातारे तर गुडघ्यावर हात मारून हसले.

केरबानं, जसा नट विंगेतला शब्द उचलतो तसा, तो उचलला. "तात्याबाचं पाचट पेटलं हुतं. त्याचं नाव लिवायला हात धजला न्हाई."

तात्याबा उठून उभा राहिला. "तीन सांजंला, तीन तुकडं. म्याच काडी लावली," तो म्हणाला. मग सभेला सोडून केरबालाच म्हणाला, "ते फोनमधी न्हाई लिवायचं, न लिव. मला सांगायचं हुतं का न्हाई गड्या? मधी एक बांध तेवढा."

"तेवढा वलांडायलाबी दम न्हवता," केरबा म्हणाला.

बराच वेळ तात्याबाचा डावा अंगठा शाळेच्या फरशीवर खाजवत होता, आणि त्याला या वेळी शब्द देणारं कुणी नव्हतं. शेवटी त्यानं सरपंच बाईंकडं बघून म्हटलं, "माझं माळाचं एक एकर तुटायचं ऱ्हायलंय. यंत्र आलं तर पयलं माझ्या रानात घाला. मग काय उंदीर हुत्यात, काय खोडवा फुटतोय न फुटतोय, ते समदं गावाला बघू द्या."

यंत्र आलं. सगळ्यांनी नावं दिली असं मात्र झालं नाही. सात जणांनी दिली. नानासोनं दिलं नाही. म्हणाला, एक साल बघू. पण एवढं ठरलं की ज्याला पेटवायचंच आहे त्यानं आदल्या दिवशी प्रियंकाला सांगायचं, ती बाराही फोनवर निरोप टाकील, म्हणजे दमेकऱ्यांना दारं-खिडक्या लावून घेता येतील किंवा पाहुण्यांकडं तरी जाता येईल. त्या निरोपांचा उपयोग इतका झाला की पुढं सोनिया मॅडमनी नदीकाठच्या आणखी चार गावांत तेच सुरू केलं. धुराचा प्रश्न तिथल्या फोनवरही तसाच गेला, केरबाच्या शब्दांत, आज धूर होता का, कुठला.

तात्याबाच्या माळाच्या रानात पाचट एक सरी आड पसरलं. तो रोज सकाळी तिथं जाऊन उभा राही आणि येऊन केरबाच्या ओसरीवर बसून कुरकुर करी. "पानी पुढं सरकत न्हाई. उंदरांची तर जत्रा भरलीया." महिन्यानं मात्र पाचट हातानं बाजूला करून ओली माती दाखवायला केरबाला हाताला धरून घेऊन गेला. बांध ओलांडून, सावकाश, दोनदा थांबत. मातीत गांडूळ होतं. "बघ," म्हणाला, जणू ते त्यानंच पाळलं होतं.

फेब्रुवारीत नानासोचं रान पेटलं. सांगून पेटवलं, तरी धूर आलाच. त्या सकाळी केरबानं नळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. फोनवरचा गोल पांढरा होता. हात जुन्या सवयीनं आकड्यांकडं गेला. बनुबाई दारातून बघत होती. केरबानं गोल तसाच सोडला आणि बोलायचं बटण दाबलं. "आज दम न्हाई मॅडम. नानासोचं रान. सांगून पेटवलंय." चहा निवायच्या आत साताऱ्याहून फोन आला. चार दिवस जास्तीचं औषध, घराबाहेर पडणं बंद. पाचव्या दिवशी गोल पिवळा, आठव्या दिवशी हिरवा. या वेळी खरा हिरवा.

नाटकाबद्दल मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक अंक. जास्त नाही. आणि पडद्यामागं उदबत्त्या, धूप लावायचा नाही." केरबानं दुसरा अंक मागून घेतला. पहिल्या आणि तिसऱ्या अंकाला प्रियंका विंगेत उभी राहिली. तिला केरबानं पंधरा दिवस शिकवलं होतं. वहीपेक्षा अंगठा बघायचा, हे पहिल्यांदा.

चैत्रात, जत्रेच्या संध्याकाळी, शाळेच्या पटांगणात पडदा वर गेला. दुसऱ्या अंकात किल्लेदार तटावर उभा राहून आपल्या गेलेल्या मुलांची नावं घेतो. तात्याबानं दोन नावं घेतली आणि तिसऱ्याला अंगठा हलला. केरबानं श्वास घेतला. श्वास पूर्ण आत गेला, कुठंही न अडकता. नाव गेलं, फक्त तात्याबाला. पुढच्या रांगेत बसलेल्या आक्काताईलाही ते ऐकू आलं नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्याला पोराचं नाव घ्यायला जड जातंय, आणि तिनं डोळे पुसले.

अंक संपला. तात्याबा घामानं थबथबलेला विंगेत आला आणि केरबाच्या शेजारच्या पेटीवर बसला. ती कुरकुरली.

"आज सकाळी किती हुतं रं?" त्यानं विचारलं.

"तीनशे वीस."

"मग तिसराबी तूच घे की. ती पोर बरं सांगती, पर तिचा आवाज मला पोचाया टाइम लागतोय."

"मॅडमनी एकच सांगितलाय," केरबा म्हणाला आणि वही प्रियंकाच्या हातात दिली.